फाइल सर्व्हर मंदावतो तेव्हा

मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एखाद्या पंचायत समितीच्या लेखा शाखेत किंवा तालुक्याच्या कचेरीत डोकावले, तर जे दृश्य दिसते ते शासकीय सेवेतील कोणालाही अपरिचित नाही. देयकांची घाई असते, बाहेरच्या बाकावर सरपंच व सदस्य ताटकळत बसलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी संगणकाच्या पडद्यावर ते लहानसे वर्तुळ फिरू लागते. एरवी दोन सेकंदांत उघडणारी फाइल दोन मिनिटे झाली तरी उघडत नाही. 'सर्व्हर डाउन आहे' हे तीन शब्द बाकावरील मंडळींना ऐकविण्यात येतात आणि त्यांचा आणखी एक दिवस वाया जातो.

वास्तविक पाहता सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो काम करीतच असतो. किंबहुना इतर कोणत्याही दिवसापेक्षा अधिक काम करीत असतो. अशा वेळी बहुधा तीन उपाय योजले जातात. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यात येतो, भिंतीवरून गेलेली केबल बदलण्यात येते, किंवा नव्या सर्व्हरसाठी मागणीपत्र तयार होते. यांपैकी पहिल्या उपायाने काही मिनिटांपुरता आराम वाटतो व पुढे परिस्थिती अधिकच बिघडते, त्याचे कारण पुढे येईलच. दुसरा उपाय निरुपद्रवी असला तरी क्वचितच कामी येतो. तिसरा मात्र खर्चाचा आहे, आणि दुखणे कोठे आहे हे न पाहताच तो केला, तर नव्या सर्व्हरवरही पुढील मार्चमध्ये तेच वर्तुळ फिरताना दिसते.

तबकडी आणि तिचा हात

फाइल सर्व्हर म्हणजे कार्यालयातील सर्व संगणकांना जोडलेले सामाईक कपाट होय. कर्मचाऱ्याने फाइल मागितली की ती मागणी केबलमधून सर्व्हरकडे जाते, प्रोसेसर तिची दखल घेतो, हवी असलेली माहिती मेमरीत आहे काय हे पाहिले जाते, आणि नसल्यास ती हार्ड डिस्कवरून आणावी लागते. या चार टप्प्यांपैकी केबल, प्रोसेसर व मेमरी हे तिन्ही विजेच्या वेगाने चालणारे आहेत. हार्ड डिस्क मात्र आजही एक यंत्र आहे. तिच्यात फिरणाऱ्या तबकड्या आहेत व त्यांवरून पुढे-मागे सरकणारा हात आहे.

या यंत्राचा पूर्वज १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' या संगणकासोबत प्रसिद्धीस आणला. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्यामधून वर-खाली सरकून हव्या त्या तबकडीवर जाणारा हात, अशी त्याची रचना होती. सुमारे पन्नास लक्ष अक्षरे त्यात मावत, आणि त्यांतील कोणत्याही एका नोंदीपर्यंत पोहोचण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. त्यानंतरच्या काळात डिस्कची साठवणक्षमता लाखो पटींनी वाढली. पोहोचण्याचा वेळ मात्र ६०० मिलिसेकंदांवरून बारा-तेरा मिलिसेकंदांवर, म्हणजे जेमतेम पन्नास पटींनी खाली आला. क्षमता आणि चपळता यांच्यातील ही तफावत हेच मंदावलेल्या सर्व्हरचे मूळ आहे.

बारा-तेरा हा आकडा कसा येतो, हे शाळेतील गणिताने समजण्यासारखे आहे. सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली नोंद वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. हात योग्य वर्तुळावर नेण्यास सरासरी आठ-साडेआठ मिलिसेकंद लागतात. दोहोंची बेरीज १२.५ झाली. याचा अर्थ, तबकडीवर ठिकठिकाणी विखुरलेल्या नोंदी मागितल्या, तर एक डिस्क सेकंदाला सुमारे ऐंशी मागण्या पुऱ्या करू शकते, अधिक नाही.

जुन्या अभिलेख कक्षात काम केलेल्यांना हे चटकन उमगेल. एकाच रुमालात बांधलेली शंभर प्रकरणे अभिलेखपाल एका फेरीत खाली काढून देतो. परंतु शंभर वेगवेगळ्या रुमालांतील प्रत्येकी एक प्रकरण मागितले, तर त्यालाच शंभर वेळा शिडी चढावी लागते. कागदांचे वजन तेवढेच, शिडीचे श्रम मात्र शंभरपट. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. एक मोठी फाइल सलग वाचावयाची असेल, तर ती सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइट माहिती देते. एक गिगाबिट क्षमतेच्या केबलमधून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट माहिती जाते. म्हणजे सलग वाचनात डिस्क केबलला मागे टाकते. पण चार-चार किलोबाइटचे तुकडे विखुरलेल्या जागांवरून मागितले, तर तीच डिस्क सेकंदाला अवघी ३२० किलोबाइट माहिती देते. विक्रेत्याच्या पत्रकात पहिला आकडा ठळक छापलेला असतो. वीस कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाचे काम मात्र बहुतांशी दुसऱ्या आकड्यावर चालते, कारण वीस माणसे वीस वेगळ्या फाइली मागत असतात.

रांगेचे गणित

काल सुरळीत चालणारा सर्व्हर आज एकाएकी कसा अडतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कर्मचारी तेच, काम थोडेसेच वाढलेले, आणि वेळ मात्र दहापट. याचे उत्तर संगणकशास्त्रापेक्षा जुने आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी दूरध्वनी केंद्रातील मार्गिका किती असाव्यात व ग्राहकाला किती थांबावे लागेल, याचा अभ्यास केला. १९०९ व १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून रांगेचे शास्त्र उभे राहिले. पोस्टाच्या खिडकीपासून हार्ड डिस्कपर्यंत सर्वत्र ते लागू पडते.

त्या शास्त्राचे एक साधे सूत्र असे आहे की, काम करणारा जितका व्यग्र, तितका त्याच्याकडे लागणारा एकूण वेळ वाढतो. परंतु ही वाढ सरळ रेषेत होत नाही. डिस्क निम्मा वेळ व्यग्र असेल, तर मागणी पुरी होण्यास मूळच्या दुप्पट वेळ लागतो. ती ऐंशी टक्के व्यग्र असेल, तर पाचपट. नव्वद टक्के असेल, तर दसपट. आणि पंचाण्णव टक्क्यांवर वीसपट. ऐंशीवरून पंचाण्णववर जाण्यासाठी काम एक पंचमांशानेही वाढावे लागत नाही, पण थांबण्याचा वेळ चौपट होतो. एखादी फाइल उघडण्यासाठी संगणकाला एकामागून एक दोनशे लहान मागण्या कराव्या लागत असतील, तर मोकळ्या डिस्कवर अडीच सेकंद लागतील, आणि नव्वद टक्के व्यग्र डिस्कवर पंचवीस.

प्रत्यक्षातील डिस्क या सूत्राबरहुकूम वागते असे नाही. रांग लांबली की डिस्क आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी प्रणाली मागण्यांचा क्रम बदलते व वाटेत येणाऱ्या मागण्या आधी उरकून घेते. त्यामुळे थोडी सवलत मिळते. तथापि वक्ररेषेचा आकार तोच राहतो. सर्व्हर हळूहळू म्हातारा होत नाही, तो एका उंबरठ्यापर्यंत ठीक असतो व उंबरठा ओलांडताच अडखळतो, हा अनुभव त्यामुळेच येतो. ताण उंबरठ्याच्या थोडा अलीकडे आणला तरी सर्व्हर पुन्हा पूर्ववत धावू लागतो, ही त्यातील दिलासा देणारी बाजू होय.

आधी मोजमाप

दुखणे डिस्कचे आहे की केबलचे, हे ओळखण्यासाठी कोणत्याही खास साधनाची गरज नसलेली एक चाचणी आहे. सर्व्हरवरील शंभर-दोनशे मेगाबाइटची एखादी फाइल, जी त्या दिवशी कोणी उघडलेली नाही, ती एका संगणकावर उतरवून घ्यावी व लागलेला वेळ लिहून ठेवावा. लगेच तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवावी. पहिल्या वेळी सर्व्हरला ती डिस्कवरून आणावी लागली; दुसऱ्या वेळी ती त्याच्या मेमरीत शिल्लक असते. दुसरी खेप झपाट्याने झाली, तर केबल निर्दोष असून डिस्क अडखळत आहे असे समजावे. दोन्ही खेपांना सारखाच विलंब झाला, तर केबल, जोडणीपेटी किंवा प्रोसेसर यांच्याकडे वळावे. दुसऱ्या खेपेस संगणक मुद्दाम वेगळा घ्यावयाचा. कारण पहिला संगणक फाइल स्वतःच्याच मेमरीतून देऊन फसवणूक करण्याचा संभव असतो.

संशय डिस्ककडे वळल्यावर सर्व्हरवर बसून आकडे पाहावेत. लिनक्स प्रणालीवर 'टॉप' ही आज्ञा दिली असता 'डब्ल्यूए' या अक्षरांपुढे एक टक्केवारी दिसते. प्रोसेसर रिकामा असून केवळ डिस्कची वाट पाहत किती वेळ बसला, हे ती सांगते. त्याच पडद्यावर 'लोड अ‍ॅव्हरेज' हा आकडा असतो व तो अनेकांची दिशाभूल करतो. तो तीस-चाळीसवर गेला की प्रोसेसर अपुरा पडत आहे असा निष्कर्ष काढला जातो. परंतु लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेली कामेही या आकड्यात धरली जातात. त्यामुळे प्रोसेसर निवांत असताना हा आकडा चाळीस असू शकतो. अशा आकड्याच्या आधारे अधिक बलवान प्रोसेसरची मागणी नोंदविणे म्हणजे शिडी एकच असताना टेबलावरचे कारकून वाढविण्यासारखे आहे.

'आयओस्टॅट' ही आज्ञा याहून नेमकी माहिती देते. प्रत्येक डिस्ककडे सेकंदाला किती मागण्या गेल्या, रांगेत सरासरी किती होत्या, आणि एक मागणी पुरी होण्यास किती मिलिसेकंद लागले, हे तीत वेगवेगळे दिसते. विंडोज प्रणालीवर 'रिसोर्स मॉनिटर' मधील डिस्कचे पान हेच काम करते. तेथे प्रतिसादाचा वेळ, रांगेची लांबी, आणि कोणती फाइल कोणता प्रोग्रॅम वाचीत आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. फिरत्या डिस्कवर प्रतिसाद दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर चिंता नसावी. तो सातत्याने पन्नासच्या वर राहिला तर रांग साचली असे समजावे. एखाद-दुसऱ्या क्षणी आकडा उसळला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. 'शंभर टक्के व्यग्र' हा शेराही जपून वाचावा. एका फिरत्या डिस्कच्या बाबतीत तो खरा असतो. अनेक मागण्या एकाच वेळी हाताळणाऱ्या सॉलिड स्टेट डिस्कच्या किंवा डिस्कसंचाच्या बाबतीत मात्र शंभर टक्के दिसूनही पुष्कळ वाव शिल्लक असू शकतो.

हे आकडे संकटाच्या दिवशीच पाहिले, तर त्यांचा अर्थ लागत नाही. साध्या दिवशी सकाळी अकरा वाजता प्रतिसाद किती होता, हे ठाऊक नसेल, तर आजचा आकडा मोठा की लहान हे कशावरून ठरवावयाचे? म्हणून आवक-जावक नोंदवहीप्रमाणे सर्व्हरचीही एक वही असावी व आठवड्यातून एकदा त्यात चार आकडे लिहावेत. हे काम कनिष्ठ लिपिकाला पाच मिनिटांचे आहे. बहुतेक ठिकाणी ते होत नाही, हेही तितकेच खरे.

ताण कोठून येतो

रांग दिसल्यावर ती कोण लावीत आहे, हा पुढचा प्रश्न. लिनक्सवरील 'आयओटॉप' आज्ञा प्रोग्रॅमनिहाय वाचन-लेखन दाखविते, आणि पुष्कळदा त्यात कर्मचाऱ्यांचे काम सर्वांत वर नसतेच. सर्वांत वर असतो तो बॅकअप, किंवा विषाणुशोधक प्रोग्रॅमची संपूर्ण तपासणी. दोन्ही कामे आवश्यक आहेत. पण ती सर्व्हर बसविणाऱ्याने ज्या वेळी चाचणी घेतली, त्याच वेळेवर, म्हणजे भर दुपारी, कायमची नेमलेली आढळतात. ती रात्री हलविली की निम्म्या तक्रारी मिटतात. रात्री वीज नसते अशा ठिकाणी बॅकअपला कमी प्राधान्य देऊन दिवसा चालविण्याची सोय आहे. मात्र लिनक्समधील ज्या रांग-नियामकात प्राधान्याची दखल घेतली जाते, तो निवडलेला असेल तरच ती आज्ञा फलद्रूप होते. अन्यथा आज्ञा दिल्याचे समाधान तेवढे मिळते.

दुसरे कारण मेमरीची टंचाई हे होय. सर्व्हर आपल्या मोकळ्या मेमरीत अलीकडे वाचलेल्या फाइली धरून ठेवतो व पुन्हा मागणी आली की डिस्कपर्यंत न जाता तेथूनच देतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर काही वेळाने त्रास वाढतो, त्याचे कारण हेच. साचलेली रांग मोडते हे खरे, पण मेमरीत जमलेला हा साठाही पुसला जातो आणि प्रत्येक फाइल नव्याने डिस्कवरून आणावी लागते. मेमरी फारच अपुरी असेल, तर सर्व्हर चालू कामाचे तुकडे डिस्कवर ठेवतो व पुन्हा उचलतो. ठेवण्या-उचलण्यातच सारा वेळ जातो व मूळ काम जागीच राहते. या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने तिची कारणमीमांसा १९६८ सालीच केली होती. त्यांनी सुचविलेल्या मार्गाचे सार असे की, जेवढ्या कामांचा पसारा मेमरीत मावेल तेवढीच एका वेळी हाती घ्यावीत. मेमरी वाढविणे हा त्यावरचा थेट व तुलनेने स्वस्त उपाय होय.

तिसरे कारण दिसत नाही, म्हणून अधिक त्रासाचे. एखाद्याने सभेचे चित्रीकरण किंवा नकाशांचा मोठा संच सर्व्हरवर चढविला, की त्याला ते काम चटकन झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सर्व्हरने ती माहिती मेमरीत घेऊन ठेवलेली असते आणि डिस्कवर लिहिणे मागाहून चालते. लिनक्समध्ये मूळ मांडणीप्रमाणे उपलब्ध मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत असे न लिहिलेले साठे जमू दिले जातात. सोळा गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर हा साठा तीन गिगाबाइटच्या घरात जाऊ शकतो. डिस्क सेकंदाला तीस मेगाबाइट लिहीत असेल, तर तो उपसण्यास शंभर सेकंद लागतात, आणि त्या अवधीत दुसऱ्या कर्मचाऱ्याची दोन पानांची फाइलदेखील रांगेत तिष्ठत राहते. मोठी मेमरी येथे उलट अडचण करते, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साठ्याची मर्यादा टक्केवारीऐवजी काहीशे मेगाबाइटवर बांधून दिली की लेखन थोडे-थोडे व सतत होते आणि इतरांना मध्ये वाट मिळते.

फाइलींच्या मांडणीचाही यात वाटा असतो. अनेक कार्यालयांत लिनक्स सर्व्हरवर 'सांबा' हा प्रोग्रॅम चालतो. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. त्यायोगे विंडोजवरील संगणकांना लिनक्सच्या डिस्कवरील फाइली वापरता येतात. आता विंडोज इंग्रजी नावांतील मोठी व लहान लिपी एकच मानते. लिनक्स ती वेगळी मानते. त्यामुळे एखादे नाव फोल्डरमध्ये नाही, याची खातरजमा करण्यासाठी सांबाला त्या फोल्डरची संपूर्ण यादी धुंडाळावी लागते. यादी शंभर नावांची असेल तर काहीच बिघडत नाही. पण स्कॅन केलेले लाखभर उतारे एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले असतील, तर नवी फाइल जपण्याच्या प्रत्येक वेळी लाख नावे चाळली जातात. वर्षवार, गाववार व विषयवार फोल्डर करणे हा यावरचा उपाय आहे, आणि तो कागदी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात होता. संगणक आल्यावर ही शिस्त का सुटली, हे एक कोडेच आहे.

डिस्कसंच आणि त्याची किंमत

एका डिस्कवर विसंबून राहणे धोक्याचे असल्याने सर्व्हरमध्ये बहुधा अनेक डिस्कचा संच असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या 'रेड' या कल्पनेवर असे संच उभे आहेत. त्यांतील पाचवा प्रकार विशेष प्रचलित आहे, कारण त्यात जागा कमी वाया जाते. एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांच्या आधारे तिच्यावरील माहिती हिशोबाने परत मिळते. परंतु हा हिशोब दर वेळी ठेवावा लागतो. लहानसा बदल लिहावयाचा झाला तरी जुनी माहिती वाचणे, जुना ताळा वाचणे, नवी माहिती लिहिणे व नवा ताळा लिहिणे अशी चार कामे होतात. चार डिस्कचा संच सेकंदाला ३२० विखुरलेली वाचने करीत असेल, तर तोच संच लहान लेखने ऐंशीच करतो. दिवसभर नोंदी बदलणाऱ्या कार्यालयाला हा प्रकार मानवत नाही. प्रत्येक डिस्कची जुळी प्रत ठेवणारा प्रकार जागा अधिक खातो, पण लेखनाला तेथे चाराऐवजी दोनच कामे पडतात.

ही उणीव झाकण्यासाठी डिस्कसंचाच्या नियंत्रक कार्डावर थोडी मेमरी व तिला आधार देणारी बॅटरी बसविलेली असते. लेखन आधी या मेमरीत घेतले जाते. वीज गेली तरी बॅटरीमुळे ते सुरक्षित राहते. ही बॅटरी काही वर्षांनी संपते. ती संपताच बहुतेक नियंत्रक कार्डे सावध होतात व प्रत्येक लेखन थेट डिस्कवर करू लागतात. परिणामी कोणतीही वस्तू न बदलता, कोणताही नवा प्रोग्रॅम न बसविता, सर्व्हर एका रात्रीत मंदावतो. आठवडाभर केबल, विषाणू आणि कर्मचारी यांच्यावर संशय घेतला जातो, आणि शेवटी एक लहानशी बॅटरी बदलल्यावर सारे सुरळीत होते. नियंत्रकाच्या नोंदींत याची सूचना आलेली असते. ती कोणी उघडून पाहिलेली नसते एवढेच.

मंदपणा हीच पूर्वसूचना

येथवरच्या कारणांत वेळ जातो, माहिती जात नाही. पण एक कारण असे आहे की ज्यात विलंब हे पुढील अनर्थाचे चिन्ह असते. डिस्कचा काही भाग खराब होऊ लागला की ती तोच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते. घरगुती वापराच्या डिस्क एकेका खराब जागेवर कित्येक सेकंद झगडत राहतात, आणि तेवढा वेळ मागची सारी रांग थिजते. 'आयओस्टॅट' मध्ये संचातील एकाच डिस्कचा प्रतिसाद इतरांहून कितीतरी अधिक दिसला, तर हीच शंका प्रथम घ्यावी.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' असे नाव आहे. तीतील दोन ओळी महत्त्वाच्या. बदलून दिलेल्या खराब जागा किती, आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागा किती. हे आकडे शून्यावरून वर सरकू लागले, की वेग वाढविण्याचे सर्व प्रयत्न बाजूला ठेवून आधी अत्यावश्यक फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. अशा डिस्कवर 'डिफ्रॅगमेंटेशन' चालविणे किंवा सर्व्हर वारंवार बंद-चालू करणे म्हणजे आजारी माणसाला धावावयास लावणे होय. संचातील खराब डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कवर माहिती पुन्हा रचण्यास मोठ्या संचात कित्येक तास, कधी दिवसही लागतात. या अवधीत सर्व्हर मंद राहणारच; आणि पाचव्या प्रकारात त्याच वेळी दुसरी डिस्क गेली, तर संपूर्ण संच जातो. म्हणून डिस्कसंच असला तरी वेगळ्या जागी ठेवलेल्या बॅकअपला तो पर्याय नव्हे. कर्मचाऱ्याने चुकून पुसलेली फाइल संचातील सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

वेगाच्या नावाखाली दिला जाणारा एक सल्ला येथे नमूद करणे अगत्याचे आहे. 'लेखन डिस्कवर झाल्याची खात्री करूनच पोहोच द्यावी' हा नियम सर्व्हरच्या मांडणीतून काढून टाकला, की लेखनाचा वेग डोळ्यांत भरेल इतका वाढतो. तो वाढतो याचे कारण, सर्व्हर काम होण्याआधीच 'झाले' म्हणून सांगू लागतो. त्या क्षणी वीज गेली, तर पडद्यावर जपलेली दिसलेली नोंद डिस्कवर नसते. जेथे वीजपुरवठा बेभरवशाचा आहे आणि यूपीएसची बॅटरी कधी तपासली हे कोणालाच आठवत नाही, तेथे हा मार्ग पत्करू नये.

खर्चाचा क्रम

वेळापत्रक बदलणे, फोल्डर नीट लावणे, लेखनसाठ्याची मर्यादा बांधणे यांस पैसा लागत नाही. त्यानंतर मेमरी. त्यानेही भागले नाही, तरच डिस्कचा विचार. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरती तबकडी नाही व सरकणारा हातही नाही. तिचा प्रतिसाद मिलिसेकंदाच्या अंशात असतो आणि ती सेकंदाला हजारो विखुरलेल्या मागण्या पुऱ्या करते. सर्वच फाइली तिच्यावर ठेवण्याची आवश्यकता नसते. रोज बदलणाऱ्या नोंदी व डेटाबेस तिच्यावर, आणि जुने स्कॅन, छायाचित्रे व चित्रीकरणे फिरत्या डिस्कवर, अशी विभागणी पुष्कळ कार्यालयांना पुरेशी ठरते. फिरत्या डिस्क घेतानाही एक गोष्ट पाहावी. काही डिस्कवर लेखनाच्या रेषा कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात. त्यामुळे क्षमता वाढते, पण एक रेषा बदलताना शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. बॅकअप साठविण्यास त्या चालतात. सतत बदलणाऱ्या फाइलींसाठी व डिस्कसंचासाठी त्या गैरसोयीच्या आहेत, आणि पुठ्ठ्याच्या वेष्टनावर ही बाब नेहमीच ठळक छापलेली नसते.

मागणीपत्रात सर्वसाधारणपणे किती टेराबाइट हवेत, एवढेच लिहिले जाते. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत : गर्दीच्या वेळी सेकंदाला किती वाचन-लेखने होतात, त्यांत लेखनाचे प्रमाण किती, आणि प्रतिसाद किती मिलिसेकंदांच्या आत हवा. हे तीन आकडे सर्व्हरच्या वहीतूनच मिळतात. वही नसल्यास ती मार्चपूर्वी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सुरू करावी, कारण साध्या दिवसांचे आकडे त्याच महिन्यांत मिळतात.